सहीच्या वरचा मजकूर

मेर्लिंडाने मागच्या खोलीतली एकुलती एक धड खुर्ची फडक्याने दोनदा पुसली आणि सर अन्सेल्मोंकडे सरकवली. स्वतः ती सलाइनच्या बाटल्यांच्या खोक्यावर टेकली. खोकं करकरलं. मनिलाहून आलेल्या साहेबासमोर असं खोक्यावर बसायचं तिला कसंसंच झालं, पण सोळा वर्षांत या खोलीत दुसरी खुर्ची आलीच नव्हती. औषधांच्या दुकानातल्या माणसाला कधी बसावंसं वाटत असेल, हे कंपनीला सुचलंच नव्हतं.

सर अन्सेल्मो म्हणजे कंपनीच्या सगळ्या दुकानांचे प्रमुख. इलोइलोला ते वर्षातून एकदा येत, हारो चौकातल्या या दुकानात दहा मिनिटं उभ्या उभ्या डोकावत आणि विमानतळाच्या वाटेवर बिस्कोचो टोस्टचे डबे घेऊन परत जात. आज मात्र ते ऐसपैस बसले. खिशातून एक लांबट पाकीट काढून त्यांनी टेबलावर ठेवलं आणि शेजारच्या निळ्या वहीवर बोटं टेकवली.

"मी या वहीसाठी आलोय, मेर्ली."

निळी वही म्हणजे थोडक्यात टळलेल्या चुकांची वही. चुकीची गोळी हातात आली पण वेळीच ध्यानात आलं, किंवा गोळ्यांची पट्टी भलत्या टोकाने कापली गेली आणि उरलेल्या गोळ्यांवर ना नाव राहिलं ना तारीख, असं काही घडलं की त्यात लिहून ठेवायचं. कोणाच्या हातून घडलं तेही लिहायचं. महिनाअखेर मुख्य फार्मासिस्टने खाली सही करायची आणि आकडे संगणकावरून मनिलाला कळवायचे. हा नियम निघून सात वर्षं झाली होती. तो निघाला त्याच महिन्यात मेर्लिंडा मुख्य फार्मासिस्ट झाली होती, आणि तिने काउंटरवरच्या बेबेंगला सांगून टाकलं होतं, 'निरंक लिहीत जा, सगळे तेच लिहितात. आकडेही तूच कळवत जा.'

"देशभरात आपली चारशे दुकानं," सर म्हणाले. "जवळपास सगळ्यांच्या वहीत दर महिन्याला एकच शब्द. निरंक. जसे काही सगळीकडे संतच औषधं विकतायत. आणि तुमचं दुकान? सात वर्षांत दोनशे अकरा नोंदी."

मेर्लिंडाने वही स्वतःकडे ओढायला हात पुढे केला.

"घाबरू नका. पहिल्या वर्षी मीही म्हटलं, हे कसलं गबाळं दुकान. मग लक्षात आलं की गिऱ्हाइकाची तक्रार आलेली नाही असं इलोइलोत एकच दुकान आहे. आणि त्या दोनशे अकरांतल्या एकतीस नोंदी कुणाच्या नावावर आहेत?" त्यांनी बोट तिच्याकडे केलं. "एम. एस. खुद्द तुमच्या. चाळीस वर्षं मी या धंद्यात आहे. हाताखालच्या पोरीबाळींची नावं लिहिणारे पायलीचे पन्नास पाहिले. स्वतःचं नाव लिहिणारी मुख्य फार्मासिस्ट पहिल्यांदा पाहतोय."

मग त्यांनी पाकीट तिच्या बाजूला ढकललं. मनिलाच्या प्रमुख कार्यालयात व्यवस्थापकाची जागा, विसाया बेटांवरची छप्पन्न दुकानं तिच्या हाताखाली. सहाव्या मजल्यावर टेबल, आणि टेबलाला खुर्ची.

"मोलोच्या दुकानात जाऊन तीनपर्यंत येतो. तेव्हा सही करा. तोवर या वहीतल्या पाच-सहा नोंदी निवडून ठेवा. पुढच्या आठवड्यात सगळ्या विभागप्रमुखांसमोर तुम्हीच वाचून दाखवायच्या आहेत."

खरं सांगायची वेळ हीच होती, हे मेर्लिंडाला पक्कं कळत होतं. सर, यातलं एक अक्षरही माझं नाही, असं म्हणायचं. सहा शब्द. पण याआधी दोनदा तिने मनिलातल्या जागेसाठी अर्ज केला होता आणि दोन्ही वेळा तिथून नकाराचं एका ओळीचं पत्र आलं होतं. नवरा जहाजावर, वर्षातले दहा महिने पाण्यावर. मुलगी लीझल मनिलाला नर्सिंग शिकत होती, सहा मुलींच्या खोलीत वरच्या पलंगावर झोपत होती आणि फोनवर मुद्दाम हसत बोलत होती. सोळा वर्षं उभं राहून मेर्लिंडाच्या पोटऱ्यांवरच्या शिरा निळ्या दोऱ्यांसारख्या वर आल्या होत्या.

"थँक्यू, सर," ती म्हणाली.

सर गेले. ती बाहेर काउंटरवर आली तेव्हा बेबेंग लोला सालुदशी, म्हणजे सालुद आजीशी, हुज्जत घालत होती. बेबेंग म्हणजे बेबेंग पालमारेस, बारा वर्षांपासून दुकानातली सहायक. फार्मसीची परीक्षा तिने दोनदा दिली होती आणि दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा बसायच्या ऐवजी तिने लग्न केलं. 'त्यात नापास व्हायला वेळ लागतो,' असं ती वर हसून सांगायची. लोला सालुदला रक्तदाबाच्या तीनच गोळ्या हव्या होत्या.

"लोला, डॉक्टरांनी तीस लिहिल्यात."

"तीस दिवस जगले तर तीस घेईन. आज तीन दे."

"तीन दिवसांनी पुन्हा ट्रायसिकल रिक्षा करून याल?"

"येईन की. घरी सून आहे. तिच्यापेक्षा तुझं तोंड बरं."

बेबेंगने कात्री घेतली, पट्टीवरचं नाव आणि तारीख उरलेल्या तुकड्यावर राहील अशा बेताने तीन गोळ्या कापल्या, छोट्या कागदी पाकिटात टाकल्या आणि वर नाव, मात्रा, वेळ लिहिली. मग मेर्लिंडाकडे न बघताच विचारलं, "काय म्हणाले साहेब? पोत्यात घालून नेणार की विमानात बसवून?"

"विमानात," मेर्लिंडा म्हणाली.

बेबेंगने कात्री खाली ठेवली. तिचा चेहरा असा फुलला की लोला सालुदनेही मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून. "मला ठाऊक होतं, नंग मेर्ली. मला ठाऊकच होतं." मेर्लिंडाला ती नंग, म्हणजे ताई, म्हणायची. तिने कोपराने डोळे पुसले आणि पुढच्या गिऱ्हाइकावर उगाचच खेकसली.

मेर्लिंडा निळी वही घेऊन आत गेली. दार लोटून घेतलं. या वेळी ती खुर्चीवर बसली आणि सात वर्षांत पहिल्यांदाच तिने पहिलं पान उघडून वाचायला सुरुवात केली.

बेबेंगचं अक्षर शाळकरी होतं, गोल आणि सावकाश. पहिल्या महिन्यात तिने खरंच 'निरंक' लिहिलं होतं. दुसऱ्या महिन्यात 'निरंक' लिहून एका रेघेने खोडलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'सकाळी अकराच्या गर्दीत खोकल्याचं मुलांचं औषध मागितलं असता मोठ्यांचं दिलं. आईने बाटली हातात घेताच परत घेतलं. बी. पी.' म्हणजे बेबेंगची स्वतःचीच चूक. त्याखाली मेर्लिंडाची ऐटबाज, तिरकी सही.

मग पहिली एम. एस. आली. 'पट्टी चुकीच्या टोकाने कापली. उरलेल्या चार गोळ्या कोणत्या ते कळेना. फेकून दिल्या.' खाली सही. मग दुसरी. मग लागोपाठ तीन, त्या लीझलला डेंग्यू झाला होता तेव्हाच्या. प्रत्येक नोंदीशेजारी बेबेंगने पुरावा डकवला होता. कापलेल्या पट्टीचा चंदेरी तुकडा, परत घेतलेलं कागदी पाकीट, कधी नुसतं झाकण. वही त्यामुळे फुगून जाडजूड झाली होती. आणि प्रत्येक महिन्याच्या तळाशी ती सही होती, रांग खोळंबलेली असताना, खांद्याने फोन धरून, एकदा तर चक्क पान उलटं धरून केलेली.

मेर्लिंडाला आधी राग आला. आपल्या नावाने ही बया लिहीत बसली आणि आपण खाली सह्या ठोकत बसलो. मग पाचव्या वर्षाच्या ऑगस्टमध्ये तिला एक नोंद सापडली.

'१२ ऑगस्ट. आज एकही चूक नाही. आज माझा वाढदिवस आहे. नंग मेर्ली हे वाचत असतील तर त्यांनी संध्याकाळी मला बॅचॉय खाऊ घालावं. सुपात हाडातली मज्जा जास्त, शेवया कमी.' खाली सही.

सप्टेंबरात: 'नंग मेर्ली, वरचा पंखा कुरकुरतो. वाचत असाल तर मिस्त्रीला सांगा.' सही. ऑक्टोबरात नुसतंच: 'कळलं.' सही.

मेर्लिंडाला हसू आलं आणि हसता हसताच कानशिलं तापली. म्हणजे बेबेंगला माहीत होतं. दोन वर्षांपासून तिला माहीत होतं की मुख्य बाई न वाचता सही करतात, आणि तरीही ती लिहीत राहिली होती. आणि त्या दिवशी बॅचॉय काही मिळालं नव्हतं.

तिने पानं मागे उलटली. या विनोदांच्या आधीचं एक वर्ष तिने झरझर ओलांडलं होतं, कारण ते तिच्या आईच्या मरणाचं वर्ष होतं. आता ती तिथे थांबली. नोव्हेंबर. त्या महिन्यात एकच नोंद होती, पण लांबलचक.

'लोलो क्रिसान्तो या आजोबांना मधुमेहाच्या गोळ्या दोन मिलिग्रॅमच्या जागी चारच्या गेल्या. रात्री माल मोजताना चारच्या पट्टीत तीन कमी निघाल्या. मी त्यांच्या घरी गेले. एक गोळी पोटात गेली होती. घाम, हात थरथरत होते. साखर घालून कलामन्सी लिंबाचं सरबत पाजलं, मी दोन तास बसले, मग ते बरे झाले. उरलेल्या दोन परत घेतल्या. बी. पी.'

ही गोष्ट मेर्लिंडाला चांगली आठवत होती. दुसऱ्या दिवशी बेबेंगने खाली मान घालून सांगितलं होतं, 'नंग, माझ्या हातून झालं.' आणि मेर्लिंडाने चारचौघांत तिला फैलावर घेतलं होतं. माणूस मेला असता तर? दोनदा नापास झालीस ते उगाच नाही. हे शेवटचं वाक्यही ती बोलली होती. बेबेंगने ऐकून घेतलं होतं, आणि लोलो क्रिसान्तोंच्या दारात जाऊन दुसऱ्यांदा माफीही मागितली होती.

नोंदीशेजारी कागदी पाकीट डकवलेलं होतं. त्यावर पेशंटचं नाव होतं, मात्रा होती, सकाळी जेवणाआधी असं लिहिलेलं होतं. मेर्लिंडाने वही दिव्याखाली धरली. पाकिटावरचा इंग्रजी चारचा आकडा वरून उघडा होता, खुर्ची उलटी ठेवावी तसा. सगळ्या दुकानात तसा चार फक्त एकच माणूस काढत होता.

ती स्वतः. आईच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना चालू होत्या तेव्हा. ती रोज संध्याकाळी घरी जाऊन माळ ओढायची आणि सकाळी येऊन काउंटरवर उभी राहायची, कारण बदली माणूस नव्हता. त्या आठवड्यात कुणाला काय दिलं यातलं तिला काही आठवत नव्हतं. फक्त एक आठवत होतं, की कुणीतरी तिच्या हातात सारखा सालाबात या आल्याच्या गरम काढ्याचा कप ठेवत होतं.

तिने दार उघडून बेबेंगला हाक मारली. बेबेंग आली ती जेवणाचा डबा घेऊनच, भात आणि तळलेला मासा. खोक्यावर बसून तिने डबा उघडला, मग वहीचं कुठलं पान उघडं आहे ते पाहिलं आणि झाकण पुन्हा लावलं.

"हे पाकीट माझ्या अक्षरातलं आहे," मेर्लिंडा म्हणाली.

"हो."

"आणि नाव तुझं."

"हो."

"का गं?"

बेबेंगने चमच्याने डब्याच्या झाकणावर उगाच रेघा ओढल्या. "गोळी पेशंटच्या पोटात गेलेली. त्यावर तुमचं नाव लिहिलं असतं तर मनिलाहून लगेच बोलावणं आलं असतं. आई जाऊन सहा दिवस झालेल्या बाईला काय, विमानात बसवून जाब द्यायला पाठवायचं? आमच्यासारख्यांना कोण बोलावतं? नुसतं ओरडतात. ते तर तुम्ही ओरडलातच."

"चारचौघांत ओरडले."

"जोरात," बेबेंग म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. "रस्त्यापलीकडचा भाजीवालाही आत येऊन बघून गेला."

मेर्लिंडाला हसता आलं नाही. "मग पाकीट कशाला डकवलंस? लपवायचं तर नीट लपवायचं."

"वहीत खोटं लिहायचं जिवावर आलं होतं. नाव खोटं लिहिलं, म्हटलं पाकीट तरी खरं राहू दे. तुम्ही वाचलं असतंत तर तुम्हाला कळलंच असतं." ती थांबली. "तेव्हा मला वाटायचं तुम्ही वाचता. एम. एस., एम. एस. लिहायला माझा हात कापायचा, आणि तुम्ही महिनाअखेर येऊन खाली खुशाल सही करायचा. घरी नवऱ्याला सांगायचे, अशी मुख्य बाई सगळ्या विसायात मिळायची नाही. ती वाचते, आपलं नाव बघते, आणि सही करते."

"आणि मग वाढदिवस आला."

"मग वाढदिवस आला." बेबेंगने खांदे उडवले. "थोडं वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू. पण नंग, याआधी मी ज्या दुकानात होते तिथे घरी जाताना रोज माझी पिशवी उलटी करून बघायचे. इथे तुम्ही मुख्य झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात शटरची किल्ली माझ्या हातात दिलीत. आणि मी जे लिहीन त्याखाली डोळे मिटून सही. म्हटलं, न वाचता सही करण्याइतका आपल्यावर भरवसा ठेवणारं दुसरं कोण आहे? माझी आईसुद्धा माझ्या प्रगतिपुस्तकावर तीनदा वाचून सही करायची."

"तो भरवसा नव्हता, बेबेंग. आळस होता."

"असेल. मला तो भरवशासारखाच उपयोगी पडला. तुमची सही खाली असणार म्हटल्यावर मला वर खरं लिहावंच लागायचं."

बाहेर घंटी वाजली. बेबेंग उठली, आणि दारात मेर्लिंडाने तिचा हात धरला. तिला खूप काही बोलायचं होतं, नापास म्हटल्याबद्दल, त्या गरम कपांबद्दल, त्या लोलोच्या अंथरुणाशी बसलेल्या दोन तासांबद्दल. तिने एवढंच म्हटलं, "तुझे माझ्यावर इतके उपकार आहेत आणि मला त्यातला एकही माहीत नव्हता."

"आता माहीत झाले ना," बेबेंग म्हणाली. "आता ते पान चिकटवून टाका आणि दुसऱ्या पाच नोंदी निवडा. खोकल्याच्या बाटलीची घ्या, ती चांगली आहे."

पुढचा पाऊण तास मेर्लिंडा त्या पानासमोर बसली होती. लेखी नियम कुठे नव्हता, पण सगळ्यांना ठाऊक होतं: चुकीचं औषध पेशंटच्या पोटात गेलं आणि ते फार्मासिस्टच्या नावावर चढलं, की त्या माणसाची वर जायची वाट बंद. आणि सर तिला कशासाठी नेत होते? तर ती स्वतःचं नाव लिहिते म्हणून. सरांचं पाकीट टेबलावरच होतं. तिने ते उघडलं नव्हतं. लीझलला सर गेल्या गेल्याच घाईघाईने फोन केला होता, 'बहुतेक येतेय मी.' आणि पोर पहिल्यांदा खरं हसली होती.

औषधांच्या कागदावर गिरवागिरव करायची नसते. चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी आद्याक्षरं आणि तारीख घालायची. मेर्लिंडाने 'बी. पी.' वर एक रेघ मारली. शेजारी 'एम. एस.' लिहिलं आणि आजची तारीख घातली. तारखेतला शेवटचा आकडा तिने पुन्हा एकदा वाचून पाहिला.

सर अन्सेल्मो तीनला पाच मिनिटं असतानाच आले, हातात बिस्कोचोचे दोन डबे. "निवडल्या नोंदी?"

"एकच निवडली, सर." तिने वही उघडून त्यांच्यापुढे धरली. ती उभीच राहिली. "या सबंध वहीत माझ्या हातची एवढीच दोन अक्षरं आहेत, आणि ती मी आज दुपारी लिहिली. बाकी सगळं बेबेंगने लिहिलंय, माझं नावसुद्धा. मी तिला निरंक लिहायला सांगितलं होतं. तिने ऐकलं नाही. खालच्या सह्या माझ्या आहेत, पण त्या मी न वाचता केल्या. एकही नोंद वाचली नव्हती. आज वाचल्या."

सरांनी चष्मा लावला. नोंद वाचली. पाकिटावरचा आकडा पाहिला, मग तिने घातलेल्या आजच्या तारखेतला चार पाहिला.

"हे लोलो?"

"ठणठणीत आहेत. गुरुवारी गोळ्या न्यायला येतात. अजूनही बेबेंगकडूनच घेतात, माझ्याकडे बघतही नाहीत. त्यांना वाटत असेल, एवढ्या चांगल्या मुलीला ओरडणारी बाई."

सर हसले नाहीत. त्यांनी टेबलावरचं पाकीट उचललं आणि कोटाच्या खिशात घातलं. मेर्लिंडाने ते जाताना पाहिलं. लीझलला काय सांगायचं, हे तिच्या मनात आलं, आणि नवल म्हणजे, आलं तेवढ्याच सहज गेलंही. छाती मोकळी झाली होती.

"मेर्ली," सर म्हणाले. ते वहीकडेच बघत होते. "माझ्याकडे मनिलाला दर महिन्याला तक्ता येतो. दुकानाचा क्रमांक, नोंदी किती, गोळी पोटात गेली का, आद्याक्षरं कुणाची. त्यावरच मी सात वर्षं भाषणं ठोकतोय, इलोइलोचं ते दुकान बघा म्हणून." त्यांनी जाड झालेल्या वहीची पानं अंगठ्याने सरकवली, चंदेरी तुकडे सळसळले. "वही मी आज पहिल्यांदा उघडतोय."

मग सरांनी कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, बाह्या दुमडल्या आणि वही पहिल्या पानापासून सुरू केली. "कॉफी मिळेल का? आणि माझ्या ड्रायव्हरला सांगा, साडेचारचं विमान काही मिळत नाही."

मेर्लिंडा काउंटरवर परत आली. बेबेंगने भुवया उंचावल्या.

"पत्र खिशात घातलं," मेर्लिंडा म्हणाली.

"मी म्हटलं होतं, पान चिकटवा."

"म्हटलं होतंस."

"आता आत काय करतायत?"

"वाचतायत."

"माझं अक्षर?" बेबेंगने एप्रनला हात पुसले. "बाई गं. निदान र तरी नीट काढायला हवे होते."

दुपारची गर्दी सुरू झाली. शाळेतून सुटलेली मुलं, ट्रायसिकलवाले, तापाच्या दोन गोळ्या, जुलाबाची एक. दोघी खांद्याला खांदा लावून पट्ट्या कापत होत्या, आणि मेर्लिंडाला वाटलं की नोकरी गेली तरी चालेल, पण ही दुपार आपल्याला मिळाली. बारा वर्षं शेजारी उभं असलेलं माणूस तिला आज दिसलं होतं. आतून मधूनच पान उलटल्याचा आवाज येई.

पाच वाजून गेल्यावर दार उघडलं. सर अन्सेल्मो चष्मा कपाळावर चढवून उभे होते, डोळे लाल झालेले.

"मिसेस पालमारेस," ते म्हणाले, आणि बेबेंगला आपल्याला कुणी हाक मारतंय हे कळायला एक क्षण लागला. "ही मागच्या सात वर्षांची झाली. याच्या आधीचं काही आहे?"

"नियमच सात वर्षांपूर्वी निघाला, सर."

"ते मला माहीत आहे. नियम मीच काढला. मी विचारतोय, तुम्ही लिहिलंय का?"

बेबेंगने मेर्लिंडाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. मग ती वाकली आणि काउंटरखालच्या शेवटच्या कप्प्यातून, पिशव्यांच्या गठ्ठ्यामागून, तिने शाळेच्या दोन वह्या काढल्या. सरांनी त्या दोन्ही हातांनी घेतल्या.

"पत्र आत टेबलावर आहे, मेर्ली," ते म्हणाले. "चार पानं आहेत. तिसऱ्या पानावर," त्यांनी बेबेंगकडे पाहिलं, "मी हाताने थोडी भर घातलीय. सही करायची तर करा, पण वाचून करा. मी बाहेर थांबतो." आणि ते खरोखरच गिऱ्हाइकांसाठीच्या बाकावर, लोला सालुदसारख्या म्हाताऱ्या टेकतात तिथे जाऊन बसले आणि पहिली शाळकरी वही उघडली.

मेर्लिंडा आत गेली. खुर्चीवर बसली आणि पत्र दिव्याखाली धरून पहिल्या शब्दापासून वाचू लागली.

"नंग मेर्ली," थोड्या वेळाने बाहेरून बेबेंगचा आवाज आला, "रांग दारापर्यंत गेली. झालं का?"

"नाही," मेर्लिंडा म्हणाली. "दुसरंच पान चालू आहे."